अंगावरचं माप

“हात वर करा. आता श्वास सोडा. पोट आत ओढू नका हो. टेपेला फसवाल, कापडाला कसं फसवाल?”

आईच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईला हे ऐकून घ्यावे लागे. पोस्टमास्तरीणबाईंचीही त्यातून सुटका नव्हती. त्या तर कंबरेचा आकडा मोठ्याने बोलूच देत नसत. मग आई वाकून माझ्या कानात सांगे, मी पाटीवर लिही, आणि पोस्टमास्तरीणबाई आपली हातातली पिशवी अलगद त्या पाटीवर ठेवून देत.

दुकान म्हणजे बाजाररस्त्यावरची एक खोली. मालकीणबाई वर राहत, खालची ही खोली त्यांनी आईला भाड्याने दिली होती. खिडकीपाशी पायमशीन, मध्ये कापड बेतायचे लांब टेबल, कोपऱ्यात पडदा आणि उभा आरसा. सकाळी खोली उघडली की आई डोळे मिटून प्रार्थना करी आणि एका चिंधीवर एकच टाका घाली. तो देवाचा. त्याशिवाय तिने कधी काम सुरू केले नाही. अंगात ताप असला तरी नाही, गिऱ्हाईक दारात खोळंबले तरी नाही. “पहिला त्याचा, बाकीचे सगळे तुमचेच आहेत की,” असे ती खोळंबलेल्या गिऱ्हाइकाला हसून सांगे.

शाळा सुटली की मी तिच्या हाताखाली असे. ताई माझ्याहून बरीच मोठी. तिला शिवण चांगले येत होते, पण तिचा जीव गाण्यात. टीप मारतानाही ती गुणगुणत असे, आणि गाणे संपले की टीपही तिथेच संपलेली असे.

दुकानाच्या चौकटीला बाहेरच्या अंगाने एक खिळा ठोकलेला होता. तो टेकडीवरच्या लोकांसाठी.

हे जरा सविस्तर सांगायला हवे. गावाबाहेरच्या टेकडीवर एक जुना दवाखाना होता. कातडीचा एक रोग झाला की पूर्वी माणसाला तिथे नेऊन सोडीत. त्या रोगाचे नाव आमच्याकडे कुणी तोंडाने घेत नसे. पुढे औषध निघाले, माणसे बरी झाली. पण बऱ्या झालेल्या माणसांना घरी न्यायला कुणी आले नाही. मग ती तिथेच राहिली. त्यांनी तिथेच संसार मांडले, बाग लावली, कोंबड्या पाळल्या. त्यांना मुले झाली, ती चांगली धडधाकट. गावाने मात्र एकदा जे ठरवले ते ठरवले. कुणी ठरवले आणि कधी, हे विचारले तर कुणालाच सांगता आले नसते. न्हाव्याकडे त्यांच्यासाठी बाहेर एक स्टूल होते, आणि शिंप्यांच्या दारांना खिळे होते. टेकडीवरच्या कुणाला काही शिवायचे असले की त्याने कापड आणि मापासाठी एक जुना कपडा पिशवीत घालून ती खिळ्याला अडकवायची. शिंप्याने त्या जुन्या कपड्यावरून बेतायचे, शिवायचे, आणि पिशवी पुन्हा खिळ्याला. अंगाला टेप लावायची नाही. आईने ज्यांच्याकडे शिवण शिकले त्या मास्तरांनी कात्री धरायला शिकवली तेव्हाच हेही शिकवले होते, आणि इतकी वर्षे तीही तसेच करीत आली होती. तोवर आई आणि गाव यांत काही फरक नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला खिळ्यावर एक पिशवी आली. दोन गणवेशांचे पांढरे कापड आणि एक जुना झगा. पिशवी अडकवून एक बाई रस्त्यावरूनच म्हणाली, “पोरीला नर्सिंगच्या शाळेत घेतलंय हो. सोमवारच्या पहिल्या गाडीने जायचंय.”

“अरे वा!” आई आतूनच म्हणाली. “शिवते छान.”

आणि त्यातला एक शिवलाही छान. कॉलर अशी बसवली की मी दोनदा हात फिरवून पाहिला. गणवेश खिळ्यावर गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायरीशी एक पोरगी येऊन उभी राहिली. ताईच्याच वयाची असेल. आपल्या कपड्यांवरूनच तिने तो पांढरा गणवेश चढवला होता आणि दोन्ही हातांनी पुढून धरून ठेवला होता.

“काकू, बसत नाही हो हा.”

आईच्या शिवणात खोट काढली की तिचा पारा चढायचा. “न बसायला काय झालं? नमुन्यावरून सूतभर इकडेतिकडे नाही. हात सोड बघू.”

पोरीने हात सोडले. खांदे कोपरांकडे उतरले. कंबर कुठल्या कुठे खाली गेली. गणवेशाच्या आत अजून एक पोरगी सहज मावली असती.

“पण नमुन्याबरहुकूम आहे,” आई हळू आवाजात म्हणाली.

“नमुना माझा नव्हता, काकू.”

“मग कुणाचा?”

“काय माहीत. पेटीतून आला.”

गावातले जुने कपडे एका पेटीत गोळा करून टेकडीवर पाठवीत, हे आम्हाला ठाऊक होते. आमच्या घरचेही जात.

“मग तुझा स्वतःचा द्यायचास ना!”

पोरगी क्षणभर विचारात पडली. “माझा असा नाहीच. सगळे पेटीतलेच.” आमच्याकडे मांजर नाही हो, असे सांगावे तसे तिने सांगितले.

आईचा पाय मशीनवरच थांबला. “म्हणजे इतकी वर्षं मी जे शिवतेय तुमच्याकडचं… ते सगळं…?”

“सगळं नाही,” पोरगी तिची समजूत काढल्यासारखी म्हणाली. “कुणाकुणाला बसतं.”

“मग आजवर बोललं का नाही कुणी?”

“काय बोलायचं? कपडा नवा असायचा ना. पण नर्सिंगवाले परत पाठवतील म्हणे, गबाळं दिसलं तर. म्हणून आले.”

आई उठली. पडद्याजवळ पोस्टमास्तरीणबाई उभ्या होत्या, अंगात टाचण्यांनी टाचलेला नवा पोशाख. आरशात त्यांना पायरीवरची पोरगी दिसत होती आणि त्यांची मान आरशातच अडकून राहिली होती.

“आत ये,” आई म्हणाली.

“आत?”

“मग काय रस्त्यात माप घेऊ? ये. चपला तिथे काढ.”

पोरगी आत आली. माप कसे द्यायचे हे तिला माहीत नव्हते. शाळेत शिक्षा झाल्यासारखे तिने दोन्ही हात सरळ आकाशात उभे केले. आईने गळ्यातली टेप काढली. पहिल्यांदा टेपेचे टोक तिच्या हातून निसटले. तिने ते पुन्हा धरले आणि पोरीच्या खांद्यावर ठेवले.

“हात इतके वर नको, काही चोरलं नाहीस तू. हं, असे. हलू नकोस.”

“गुदगुल्या होतात, काकू.”

“होऊ देत.”

“श्वास धरू का सोडू?”

“सोड. आणि तिकडे गेल्यावर रोग्यांना काय सांगशील? धरा का सोडा?”

पोरगी हसली तशी टेपही तिच्याबरोबर हलली. “तिथे तर मलाच सगळ्यांना हात लावावा लागणार आहे,” ती म्हणाली. “मीच गुदगुल्या करीन.”

खांदा, छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची. आई एकेक आकडा मोठ्याने बोलली आणि मी पाटीवर लिहिला. आरशासमोरच्या बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती आकडे कधी बोलत नसे.

“रविवारी ट्रायलला ये. सोमवारी स्वतःच्या मापाचा घालून गाडीत बसशील. शब्द देते तुला.”

पोरगी गेली. पोस्टमास्तरीणबाई पडद्याआड गेल्या, बदलून आल्या आणि टाचण्यांसकट आपले कापड गोळा करू लागल्या.

“अहो, उद्याच हवा होता ना तुम्हाला?” आई म्हणाली.

“नाही… तशी घाई नाही. बघते. आणि बाई, ती टेप… टाकून द्याल ना?”

“टेप? ही तर नवी आहे हो.”

पोस्टमास्तरीणबाईंनी एक सुस्कारा सोडला. तो मात्र अगदी पूर्ण सोडला.

त्यांचे पुढचे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. बऱ्याच महिन्यांनी त्या आमच्या घरच्या मागच्या दाराने आल्या. “तो बाजारातला मेला शिंपी माझा मुंढाच काढीत नाही नीट,” म्हणाल्या. मग पिशवीतून स्वतःची टेप काढली आणि म्हणाल्या, “ही लावा हं.” आईने टेप बोटांवर ताणून पाहिली. “ही सैल पडलीये बाई. कमी दाखवील.” पण आकडा कमी भरलेला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की त्यांनी हट्टच धरला, हीच टेप. आईने त्यांच्या शब्दाप्रमाणे शिवले. पोशाख खांद्यावर जो अडकला तो वर जाईना की खाली येईना. आम्ही दोघी बहिणी दोन्हीकडून ओढत होतो, आणि आतून आवाज आला, “पुढच्या वेळी तुमचीच लावा.” तेव्हापासून त्या आमच्या कायमच्या. पण ते फार नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली, देवाचा टाका झाला, आणि आईने पक्कड घेऊन चौकटीचा खिळा उपटायला सुरुवात केली. खिळा गंजून लाकडात रुतला होता. आवाज ऐकून मालकीणबाई जिना उतरून आल्या, कडेवर नातू.

“हे काय चाललंय?”

“खिळा काढतेय. भोक राहील, ते बुजवून देते.”

“अहो, भोकाचं कोण बोलतंय!” मालकीणबाईंनी नातवाला दुसऱ्या कडेवर घेतले. “हे बघा, मी काही दुष्ट बाई नाही. इतक्या वर्षांत कधी तुम्हाला टोचून बोललेय मी? पण हा आता रांगतो. जिना उतरून तुमच्या खोलीत जातो.”

“जातो ना. माझ्या चिंध्या खातो.”

“हसण्यावारी नेऊ नका. त्याला काही झालं म्हणजे?”

आईने पक्कड खाली ठेवली. “त्या पोरीला काही नाही हो. तिला कधी काही झालेलंच नाही. तिच्या बापाला होतं, तेही औषधाने केव्हाच गेलं. तरीही तुम्हाला भीती वाटते, हे मला कळतं.”

“मग आहे तसं चालू द्या. बाहेरच्या बाहेर. इतकी वर्षं नाही का केलंत?”

“केलं ना. तेच चुकलं.”

मालकीणबाई पायरीवर बसल्या. नातू खिळ्याकडे हात करून काहीतरी बोलत होता. “मग मला खोली मागावी लागेल,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखरच पडला होता. “महिनाअखेर. आजच्या आज नाही म्हणत मी.”

“रविवारी तिची ट्रायल आहे. तिला मी आत बोलावलंय. तिला आत घ्यायचं नसेल तर मीही आत नको. रविवारी सकाळी हातगाडी आणते.”

“अहो, महिनाअखेर म्हटलं मी!”

“तुम्ही चांगुलपणानेच म्हटलंत. पण पोरीची गाडी महिनाअखेर थांबणार नाही.”

मालकीणबाई एकदम डोळे पुसून म्हणाल्या, “आणि याचे कपडे आता कोण शिवणार?”

“मीच. घरी या की.”

खिळा त्यानंतर जरा वेळाने निघाला.

आम्ही जलकेंद्राच्या चाळवजा घरात राहत होतो. बाबा तिथे पंप चालवीत. पाणी किती वाजता सोडायचे एवढाच त्यांचा गावाशी संबंध, पण त्यांना गावाची भीती वाटे. संध्याकाळी ते आईला म्हणाले, “अगं, केलंस ते चांगलं केलंस. पण निदान दार तरी लोटून घ्यायचं. पोस्टमास्तरीण समोर उभी! तिच्याइतकी लवकर तर पोस्टाची तारसुद्धा जात नाही.”

“दार लोटलं असतं म्हणजे मी काही वाईट करतेय असं झालं असतं. तिलाही तसंच वाटलं असतं.”

“आणि माझं काय?” ताई कोपऱ्यातून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. शाळेच्या कार्यक्रमात ती पहिल्या ओळीत उभी राहून गाणार होती. त्या दिवशी गाण्याच्या बाईंनी तिला बाजूला बोलावून, पाठीवर हात न ठेवता, थोडे दिवस तालमीला येऊ नकोस असे सांगितले होते. शेजारच्या मुलीने ताईच्या बाकावरचे आपले दप्तर उचलून मागे नेले होते. “गावात तू एकटीच शिवतेस का? दुसरे शिंपी नाहीत?”

“आहेत. त्यांच्याही दाराला खिळे आहेत.”

“मग असू देत ना! तुझं काय गेलं असतं?”

“माझं काही गेलं नसतं,” आई म्हणाली. “तुझं मात्र आज गेलं. ते मला दिसतंय. तुझी ओळ मी परत आणून देऊ शकत नाही, बाळ.”

आईने भांडायला हवे होते, म्हणजे ताईला बरे वाटले असते.

“तुला भीती नाही वाटली?” जरा वेळाने तिने विचारले.

“वाटली ना. टेप सुटली माझ्या हातून. धाकटीने पाहिलंय.” आईने माझ्याकडे पाहिले. “त्या पोरीच्याही लक्षात आलं असेल. बाकी कशाचं नाही, मला त्याचंच वाईट वाटतंय. देवाने प्रत्येकाचं माप किती जवळून घेतलंय. आणि मी रोज त्याचं नाव घेऊन लांबून कापीत बसले.”

“शाळेत मला विचारलं तर मी काय सांगू?” मी विचारले. माझी आपली साधी अडचण होती.

“सांग, आई शिवते म्हणून.”

“एवढंच?”

“मग आणखी काय करते मी?”

बाबा हसले. ताई हसली नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली. तो चुकलेला गणवेश पोरीने आईकडेच ठेवला होता, आणि उसवून पुन्हा बेतायचा म्हणून आईने तो घरी आणून आतल्या खुंटीला लावला होता. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला गेले तर ताई तो अंगात घालून भिंतीवरच्या आरशासमोर उभी होती. आरसा लहान, त्यात एका वेळी तिचा थोडाच भाग दिसत होता. तिने आधी घसरलेला खांदा पाहिला. मग वाकून गळा पाहिला. मग मुठीत धरून कंबर आवळली आणि सोडून दिली, तसे कापड पुन्हा ढगळ होऊन खाली आले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तो काढून तिने नीट घडी केली.

“कुणाला सांगू नकोस,” ती मला म्हणाली.

रविवारी हातगाडी आली. टेबल गेले, आरसा गोधडीत गुंडाळून गेला. शेवटी मशीन. पायरी उतरताना बाबांचा हात सुटला आणि मशीनचा लोखंडी पाय आईच्या पायावर आला. आई ओरडली नाही, नुसती “आई गं” म्हणून खाली बसली. वरून मालकीणबाई धावत आल्या, पाण्याची बादली आणि फडके घेऊन. आईचा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बादलीतले पाणी ओतीत राहिल्या. “मी महिनाअखेर म्हटलं होतं,” एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

घरी आल्यावर मशीन खिडकीपाशी लावले. दुपार झाली. ट्रायलची वेळ झाली आणि टळली. पोरगी आली नाही. आई सुजलेला पाय पाटावर ठेवून दाराकडे पाहत होती.

बाबा कामावरून आले ते निरोप घेऊन. टेकडीवरच्या टाकीचे पाणी बघायला त्या पोरीचा बाप पंपावर येत असे. तो तिथला माळी. बाबांपासून लांब उभा राहून तो म्हणाला होता, “बाईंना सांगा, पोरगी पेटीतलंच घालून जाईल. तिकडचे परत पाठवतील तर पाठवतील. आमच्यापायी तुमचं दुकान उठलं, तेवढं पुरे झालं.”

आई म्हणाली, “परत पाठवतील तर पाठवतील? म्हणजे खिळा उपटला तरी तिने त्याचंच ऐकायचं?”

“अगं, पण तुझा पाय…”

“मी तिला शब्द दिलाय.”

दुसऱ्या गणवेशाचे पांढरे कापड टेबलावर पसरले. आईने एका पायावर उभे राहून, पाटीवरच्या आकड्यांवरून बेतले. कापून झाले, पण मशीन चालवायला पाय नाही. मग मी मशीनखाली बसले आणि दोन्ही हातांनी पावडी दाबू लागले. वरून आईचा आवाज येई, “हळू… हळू… अगं, घोडा नाही तो. थांब. आता.” मला फक्त तिचा सुजलेला पाय, गरगरणारे चाक आणि खाली पडणारे धागे दिसत होते. मध्येच मला जाणवले की आणखी एक आवाज येतोय, चर्र चर्र. मी मान बाहेर काढून पाहिले. ताई दारात बसून जुना गणवेश उसवीत होती. तिला कुणी सांगितले नव्हते. शिवण बोटांनी ताणून धरायची, पात्याने एकेक टाका तोडायचा, कापडाला इजा होऊ द्यायची नाही. ती गुणगुणत नव्हती. त्यामुळे टाका कुठेच चुकत नव्हता.

“तो दुसरा मागाहून पाठवू,” आई तिला म्हणाली. ताईने मान हलवली.

अंधार पडायच्या आत गणवेश उभा राहिला. बाजूच्या शिवणी आईने कच्च्या ठेवल्या होत्या आणि खालची दुमड घातलीच नव्हती. “ट्रायल झाली नाही ना. अंगात घातल्याशिवाय ही दोन कामं करायची नसतात. पहाटे मी वर जाऊन करते.”

“कशाने जाणार?” बाबांनी विचारले. “या पायाने?”

“देव नेईल तशी जाईन.”

पहाटे मला जाग आली तेव्हा आई पलंगाच्या काठावर बसून त्या पायात चप्पल घालायचा प्रयत्न करीत होती. पाय चपलेत मावत नव्हता. तिने फडके बांधून पाहिले, उभी राहिली, आणि भिंत धरून तशीच राहिली. तिच्या कपाळावर घाम होता. बाबा पंपावर गेलेले. टेकडीवर वाहन जात नसे, आणि गाडी सकाळची पहिली.

ताई उठलेली होती. वेणी घातलेली, अंगात शाळेचा स्वच्छ पोशाख. ती आईजवळ गेली आणि तिच्या हातातून हँगरला लावलेला गणवेश काढून घेतला. आईने आधी सोडला नाही. मग सोडला.

“तिथे गेल्यावर काय करायचं?” ताईने विचारले.

आई नेहमीच्या, गिऱ्हाइकांच्या आवाजात सांगू लागली. “आधी घालायला सांग. समोर उभी राहू नकोस, मागे राहा. दोन्ही खांद्यांवर हात ठेवून शिवण जागेवर आहे का बघ. मग काखेत बोटं घाल. बोटं सहज फिरायला हवीत, नाहीतर तिला हात वर करता यायचा नाही, आणि तिचं सगळं कामच हातांचं. बाजूला टाचण्या लाव. टाचण्या तोंडात धरून बोलू नकोस.”

“दुमड?”

“गुडघे टेकून घाल. उभ्याने घातली की वाकडी येते. सुई-दोरा पिशवीत आहे.”

“बरं.”

“आणि तिच्या बापाला म्हणावं…” आई थांबली. “काही म्हणू नकोस. पाणी दिलं तर पी.”

ताईने पिशवी खांद्याला लावली. मी तिच्यामागून फाटकापर्यंत गेले. तिथून टेकडीला दोन वाटा होत्या. एक जलकेंद्रामागून झुडपांतली, जवळची. त्या वाटेला कुणी भेटत नसे. दुसरी बाजारातून, शाळेवरून, लांबची.

“मागून गेलीस तर लवकर पोचशील,” मी म्हणाले.

“काट्याकुट्यांतून पांढरा कपडा कसा नेऊ?” ताई म्हणाली आणि बाजाररस्त्याला लागली.

उजाडत होते. दुकानांच्या फळ्या निघत होत्या. झाडणारा माणूस झाडू थांबवून बघत राहिला, आणि त्याच्यामुळे शेजारचाही बघू लागला. खालच्या कडेला धूळ लागू नये म्हणून ताईने गणवेश डोक्याच्याही वर धरला होता. वाऱ्याने त्याच्या बाह्या हलत होत्या. तिचा हात दुखू लागला असावा, कारण शाळेच्या वळणाशी ती थांबली, हँगर दुसऱ्या हातात घेतला, आणि पुन्हा चालू लागली.